व्याकरण आणि संभाषण : वसईच्या खाडीकाठचे स्पॅनिश भाषाध्ययन

१

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाचा जो प्रदेश आज मीरा-भाईंदर या नावाने ओळखला जातो व ज्यास २००२ साली महानगरपालिकेचा दर्जा प्राप्त झाला, तो मुळात शेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांचा समूह होय. घोडबंदर, भाईंदर, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन, चौक, पाली ही त्यातील काही जुनी गावे. त्यांच्या उत्तरेस वसईची खाडी असून पैलतीरी वसईचा कोट उभा आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या ताब्यातील साष्टी आदी मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. तेव्हापासून १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेने हा मुलूख मराठ्यांकडे येईपर्यंत खाडीचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली होते.

आयबेरियन द्वीपकल्पातील भाषा ह्या किनाऱ्यावर प्रथम आली ती या दोन शतकांत. ती भाषा पोर्तुगीज होती, स्पॅनिश नव्हे. परंतु स्पॅनिश भाषा प्रौढपणी वापरून तीत मान्यता मिळविणारा, मराठी मुलखात जन्मलेला जो पहिला पुरुष इतिहासास सुपरिचित आहे, तो याच खाडीच्या काठचा होता. वसईच्या गोन्सालो गार्सियाचे चरित्र धार्मिक दृष्टीने अनेकदा सांगितले गेले आहे. भाषाध्ययनाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. व्याकरण आणि संभाषण हे भाषा शिकण्याचे दोन मार्ग त्या काळी कसे विभक्त झाले होते, त्या विभागणीमुळे कोणाच्या भाषाज्ञानास विद्येचा मान मिळाला व कोणाच्या ज्ञानास केवळ सेवेचे स्थान मिळाले, हे त्या चरित्रावरून स्पष्ट होते.

२

प्रथम व्याकरणाच्या मार्गाचा विचार करू लागता असे दिसते की, सोळाव्या शतकात युरोपातील देशभाषांना व्याकरणाची प्रतिष्ठा नुकतीच लाभू लागली होती. आंतोनिओ दे नेब्रिहा याचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण १४९२ साली प्रसिद्ध झाले. राज्यविस्तार व भाषाविस्तार ह्यांचा संबंध त्याच्या प्रस्तावनेत उघडपणे जोडलेला आहे, आणि नव्याने सत्तेखाली येणाऱ्या लोकांना ती भाषा शिकविण्यास व्याकरण उपयोगी पडेल, अशी अपेक्षाही तेथे व्यक्त झाली आहे. पोर्तुगीज भाषेचे व्याकरण फेर्नांव द ऑलिव्हेरा याने १५३६ मध्ये व जुआंव द बारुश याने १५४० मध्ये लिहिले. तथापि शाळेत ‘व्याकरण’ या शब्दाने बोध होई तो लॅटिनचाच. मानुएल आल्वारिश या जेझुइट पंडिताचे लॅटिन व्याकरण १५७२ साली लिस्बन येथे छापले गेले, आणि लवकरच ते जगभरच्या जेझुइट विद्यालयांचे पाठ्यपुस्तक झाले. १५९४ मध्ये जपानमधील आमाकुसा येथे त्याची जी आवृत्ती निघाली, तीत क्रियापदांच्या रूपांना जपानी अर्थ जोडलेले होते.

खाडीच्या दोन्ही बाजूंस या विद्येची केंद्रे होती. वसईत १५४८ नंतर जेझुइटांचे कार्य सुरू झाले व पुढे तेथे त्यांचे विद्यालय उभे राहिले. साष्टीत मंडपेश्वराच्या लेण्यांपाशी फ्रान्सिस्कन संघाचा आंतोनिओ द पोर्तु याने सोळाव्या शतकाच्या मध्यास मठ व विद्यालय स्थापिले. वांद्र्यास सतराव्या शतकात जेझुइटांचे सांता आना विद्यालय झाले. ज्यांना पुरोहित व्हावयाचे त्यांना लॅटिनचे व्याकरण चुकत नसे. इतर मुलांना धर्मशिक्षण, वाचन, लेखन व गायन एवढे पुरेसे मानले जाई. म्हणजे व्याकरण ही अधिकाराची पायरी होती, आणि ती कोणी चढावी हे विद्यार्थ्याच्या बुद्धीवर जितके अवलंबून असे तितकेच त्याच्या जन्मावरही असे.

याच्या उलट दिशेचे व्याकरणकार्य तर अधिकच लक्षणीय आहे. युरोपातून आलेल्या धर्मप्रचारकांनी येथील भाषा व्याकरणाच्या द्वारे आत्मसात केली व तिची व्याकरणे लिहून ठेविली. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. उत्तर कोंकणातील बोलीचे एक व्याकरण सतराव्या शतकात कोणा पोर्तुगीज मिशनऱ्याने रचिले. ते हस्तलिखितरूपाने राहिले व कून्य रिव्हारा याने १८५८ मध्ये गोव्यात ते प्रथम प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात भाषेस कोंकणी म्हटले असले, तरी ती ठाणे-साष्टीकडील मराठीच्या निकटची आहे. फ्रांसिश्कु व्हाज द गिमारांइश याने ह्याच प्रदेशातील मराठीत ख्रिस्ताच्या दुःखभोगांवर रचिलेले काव्य १६५९ साली लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले. १७७८ साली रोम येथे मराठीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेतून प्रसिद्ध झाले.

ह्या सर्व ग्रंथांचे ऋण मराठी भाषेच्या अभ्यासकांना मान्य करावेच लागते. पण त्यांकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. धर्मप्रचारकास ‘हा शब्द असा चालतो’, ‘ही विभक्ती येथे लागते’ असे सांगणारा कोणीतरी समोर बसलेला असला पाहिजे. तो साष्टी-वसईचा तरुण त्याच वेळी, त्याच संभाषणात, समोरच्याची भाषाही शिकत होता. एकाच बैठकीतून दोन विद्यार्थी उठत. एकाच्या ज्ञानाचा ग्रंथ झाला. दुसऱ्याचे ज्ञान बंदरावर, बाजारात, कचेरीत व घरात खर्च झाले. पगार, साबण, चावी, लिलाव, तुरुंग, घमेले, पिंप हे मराठीत रुजलेले पोर्तुगीज शब्द त्या दुसऱ्या प्रकारच्या अध्ययनाचे अवशेष होत. यातील एकही शब्द पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. मजुरी, व्यापार, शिक्षा व घरकाम यांच्या निमित्ताने झालेल्या बोलण्यातून ते आले.

सत्तेच्या हुकमाने भाषा शिकविण्याचाही एक प्रयत्न झाला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने गोव्यातील देशी लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे व आपली भाषा सोडावी, असे फर्मान काढले. तीन वर्षे गेली, तीन शतकेही गेली, पण लोकभाषा नाहीशी झाली नाही. ज्या भाषेचे काम पडते ती माणूस शिकतो, केवळ आज्ञेने शिकत नाही, हा धडा त्या फर्मानाच्या अपयशातून मिळतो.

३

गोन्सालो गार्सिया १५५६-५७ च्या सुमारास वसई येथे जन्मला. त्याचा पिता पोर्तुगीज व माता येथील देशी स्त्री होती. वसईच्या जेझुइटांपाशी त्याचे बाळपणीचे शिक्षण झाले. फादर सेबास्त्यांव गोन्साल्विश याच्या सहवासात वाढलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असता धर्मप्रचारकांबरोबर जपानला गेला. तेथे अनेक वर्षे धर्मोपदेशकांचा साहाय्यक म्हणून वावरत असता त्याने जपानी भाषा इतकी हस्तगत केली की तेथील लोक त्याचे बोलणे आवडीने ऐकत. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र सफल झाली नाही. पुढे त्याने व्यापार केला, पूर्वेकडील बंदरांतून प्रवास केला व अखेर तो फिलिपाइन्समधील मनिला येथे पोहोचला. १५८७-८८ च्या सुमारास तेथील फ्रान्सिस्कन संघात त्याने प्रवेश घेतला. परंतु तो पुरोहित झाला नाही. पुरोहितपदाविना संघात राहणाऱ्या ज्या सभासदांस ‘ले ब्रदर’ म्हणतात, त्यांपैकी तो एक होता.

मनिला ही कास्तिलियन लोकांची नगरी. येथे एक राजकीय संदर्भ ध्यानी घ्यावयास हवा. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांची राजसत्ता एकाच राजघराण्याकडे होती. म्हणून गोन्सालो मनिलास गेला तेव्हा वसई व मनिला ही दोन्ही ठिकाणे दुसऱ्या फिलिपच्या राज्यात मोडत होती. परंतु १५८१ साली तोमार येथे झालेल्या ठरावानुसार पोर्तुगीज मुलखाचा कारभार पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे व पोर्तुगीज भाषेतच राहिला. त्यामुळे राजा एक असूनही स्पॅनिश ही वसईच्या कारभाराची भाषा कधीच झाली नाही. साष्टी-वसईच्या तरुणास ती शिकावयाची तर स्पॅनिश माणसांत जाऊन राहावे लागे. गोन्सालोने तेच केले. त्याचे वरिष्ठ पेद्रो बाउतिस्ता हे स्पेनमधील आव्हिला प्रांतातील होते, सहकारी बहुतांशी स्पॅनिश होते, आणि मठातील नित्याचा व्यवहार कास्तिलियन भाषेत चाले. पोर्तुगीज जाणणाऱ्यास ती भाषा ऐकून समजू लागण्यास विलंब लागत नसे; परंतु समजणे व अचूक बोलणे ह्यांत अंतर असते.

हे अंतर ओलांडल्याची परीक्षा १५९३ मध्ये झाली. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे अशी मागणी केली होती. त्याच्याशी बोलणी करण्यासाठी मनिलाचा गव्हर्नर गोमेस पेरेस दास्मारिन्यास याने पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठविले, आणि त्यात दुभाषी म्हणून गोन्सालोची योजना झाली. स्पॅनिश राजदूताचे शब्द जपानी दरबारी भाषेत व हिदेयोशीचे शब्द स्पॅनिशमध्ये आणणे हे त्याचे काम. मांडलिकत्वाची मागणी नाकारावयाची, पण स्नेहाची वाट खुली ठेवावयाची, असा तो नाजूक प्रसंग होता. एका क्रियापदाचा अर्थ ‘विनंती करणे’ की ‘शरण येणे’, ह्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. भेटीनंतर शिष्टमंडळातील फ्रान्सिस्कनांना जपानात राहण्यास मोकळीक मिळाली व क्योतो येथे त्यांनी मठ व रुग्णालये उभारली.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे मनिलाहून निघालेले स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्यास लागले. धर्मप्रचारक हे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत होत, असे त्या जहाजाचा सुकाणूधारी बोलल्याचे सांगण्यात आले. हे तो खरोखर बोलला किंवा नाही ह्याविषयी फ्रान्सिस्कन व जेझुइट पक्षांत पुढे दीर्घ वाद झाला. परिणाम मात्र तात्काळ घडला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट व सतरा जपानी ख्रिस्ती गृहस्थ, अशा सव्वीस जणांना क्रूसावर चढविण्यात आले. त्या सहा फ्रान्सिस्कनांत गोन्सालो होता. १६२७ साली त्यास ‘धन्यवादित’ व ८ जून १८६२ रोजी ‘संत’ म्हणून घोषित करण्यात आले. त्याच्या चरित्राचा एक आद्य आधार म्हणजे नागासाकीची घटना जवळून पाहिलेल्या मार्सेलो दे रिबादेनेइरा या फ्रान्सिस्कनाचा इतिहासग्रंथ होय. तो बार्सेलोना येथे १६०१ साली स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाला.

४

गोन्सालोच्या शेजारी त्याच्या एका समकालीनास ठेवून पाहिले असता ह्या प्रकरणाचे मर्म ध्यानी येते. जुआंव रोद्रिगिश हा पोर्तुगीज मुलगा १५७७ मध्ये जपानात आला. त्यानेही जपानी भाषा प्रथम बोलून शिकली, तोही हिदेयोशीच्या दरबारी दुभाषी झाला, इतका की ‘दुभाषी’ या अर्थाचा जपानी शब्द त्याच्या नावाचाच भाग बनला. परंतु तो जेझुइट संघात घेतला गेला, त्यास लॅटिन व धर्मशास्त्राचे शिक्षण मिळाले, तो पुरोहित झाला, आणि १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथे त्याचे जपानी भाषेचे बृहद् व्याकरण छापले गेले. १६२० मध्ये मकाव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या संक्षिप्त व्याकरणाच्या आरंभी त्याने भाषा शिकण्याच्या दोन पद्धतींची तुलना केली आहे. एक, त्या लोकांशी नित्य व्यवहार करून. दुसरी, नियम व ग्रंथ यांच्या साहाय्याने गुरूपाशी बसून.

दोघांचा आरंभ एक, कार्य एक, दरबारही एक. एकाच्या नावे व्याकरण आहे, दुसऱ्याच्या नावे नाही. ह्याचे कारण बुद्धीच्या न्यूनाधिक्यात शोधणे योग्य होणार नाही. ज्याला विद्यालयाची दारे उघडी होती त्याच्या संभाषणाचे व्याकरण झाले. ज्याला ती अर्धीच उघडली त्याचे संभाषण त्याच्याबरोबर संपले. पुरोहितपदास लॅटिन आवश्यक होते, पण अडसर केवळ लॅटिनचा होता असेही म्हणता येत नाही. मिश्र व देशी जन्माच्या उमेदवारांविषयी त्या काळातील धर्मसंघांचे धोरण सामान्यतः प्रतिकूलच होते. भाषाध्ययनाचा इतिहास व्याकरणग्रंथांच्या याद्यांवरून लिहिला गेल्यास तो निम्माच लिहिला जातो, आणि गाळला जाणारा निम्मा भाग बहुतेक या किनाऱ्यावरच्या माणसांचा असतो.

५

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. आज मीरा-भाईंदरसारख्या उपनगरातून जे तरुण विद्यार्थी स्पॅनिश भाषेच्या प्रगत पातळीपर्यंत जाऊ पाहतात, त्यांच्यापुढे व्याकरण व संभाषण यांचा हाच दुभंग निराळ्या स्वरूपात उभा असतो. त्यांची पाठ्यपुस्तके प्रायः इंग्रजीच्या द्वारे लिहिलेली असतात. त्यामुळे इंग्रजी भाषिकास जे कठीण वाटते तेच मराठी भाषिकासही कठीण, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही.

स्पॅनिशमध्ये विशिष्ट मनुष्य हा क्रियापदाचे कर्म झाला म्हणजे त्यापूर्वी ‘आ’ हे अव्यय येते, वस्तूपूर्वी ते येत नाही. ‘वेओ आ हुआन’, पण ‘वेओ एल लिब्रो’. इंग्रजीतून शिकणाऱ्यास हा नियम स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो. मराठी विद्यार्थी मात्र ‘मी रामाला पाहतो’ व ‘मी पुस्तक पाहतो’ हा भेद बाळपणापासून करीत आलेला असतो. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्येही अशा वाक्यांत हे अव्यय सामान्यतः येत नाही. म्हणजे येथे मराठी ही स्पॅनिशला तिच्या सख्ख्या भगिनीपेक्षा जवळची ठरते. तसेच ‘मे गुस्ता एल मार’ याची रचना ‘मला समुद्र आवडतो’ अशीच आहे. अनेकवचनी ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणताना क्रियापद जसे पुस्तकांप्रमाणे बदलते, तसेच ते ‘मला पुस्तके आवडतात’ यातही बदलते. ‘तो गेला’ आणि ‘तो रोज समुद्रावर जाई’ यांतील साधा भूतकाळ व रीतिभूतकाळ यांचा भेद स्पॅनिशच्या दोन भूतकाळांकडे नेणारा आहे, जरी दुसऱ्याचा व्याप मराठी रीतिभूतकाळाहून मोठा असला. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातील विध्यर्थ स्पॅनिशच्या इच्छादर्शक वाक्यातील क्रियारूपाची कल्पना देतो. आदरार्थी ‘उस्तेद’ हे सर्वनाम मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनातून निघालेले असून त्यास तृतीय पुरुषाचे क्रियापद लागते. ‘साहेबांनी बसावे’, ‘बाईंनी सांगावे’ असे समोरच्यासच उद्देशून म्हणणाऱ्या समाजात वाढलेल्यास त्यात विचित्र काहीच वाटत नाही.

साम्याइतकीच भेदांचीही जाणीव हवी. ‘असणे’ या एका धातूने मराठी जे काम करते त्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ व ‘एस्तार’ असे दोन धातू आहेत, आणि ‘आहे’ व ‘असतो’ यांच्यातील भेद त्यांच्याशी जुळत नाही. ‘मला भूक लागली’ याऐवजी स्पॅनिश मनुष्य ‘माझ्याजवळ भूक आहे’ अशा अर्थाची रचना करतो. जवळच्या भाषेचा भरवसा तर अधिकच फसवा असतो. ‘लार्गो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये लांब, पोर्तुगीजमध्ये त्याच रूपाच्या शब्दाचा अर्थ रुंद. ‘तोदाविआ’ स्पॅनिशमध्ये ‘अद्याप’, पोर्तुगीजमध्ये ‘तथापि’. वसईहून मनिलास गेलेल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या कोणाही तरुणाला अशा जागी अडखळावेच लागले असणार. आणि असे अडखळणे व सुधारणे ग्रंथात नव्हे, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचावे लागते.

६

वरील विवेचनाचे सार असे. वसईच्या खाडीकाठी सोळाव्या व सतराव्या शतकांत भाषांची देवघेव दुतर्फा झाली, परंतु तिची नोंद एकतर्फी राहिली. परदेशी विद्वानांनी येथील भाषेचे व्याकरण केले, येथील तरुणांनी परदेशी भाषेत संभाषण केले. पहिल्यास विद्या म्हटले गेले, दुसऱ्यास चाकरी. गोन्सालो गार्सिया ह्याचे महत्त्व असे की, त्याच्या बाबतीत ही चाकरी इतिहासाच्या मुख्य प्रवाहात आली, आणि एका साम्राज्याची वाणी होण्याइतके सामर्थ्य तिच्यात होते हे दिसून आले. त्या सामर्थ्याची किंमतही त्यास द्यावी लागली. कारण दोन सत्तांच्या मध्ये उभा राहून बोलणारा मनुष्य त्या दोहोंच्या संशयापासून सुरक्षित नसतो.

व्याकरणावाचून संभाषण टिकत नाही व संभाषणावाचून व्याकरण जिवंत होत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. त्यास ह्या प्रदेशाचा इतिहास आणखी एक पुरवणी जोडतो. मराठी विद्यार्थ्याने परभाषेचे व्याकरण तिसऱ्या भाषेच्या मध्यस्थीने शिकण्याची सक्ती मानण्याचे कारण नाही. स्टीफन्स व उत्तर कोंकणच्या बोलीचा तो व्याकरणकार यांनी आपली भाषा पायाभूत धरून येथील भाषा मापली. येथील भाषा पायाभूत धरून स्पॅनिश मापण्याचे, म्हणजे मराठी भाषिकांसाठी मराठीच्या आधारे स्पॅनिशचे विस्तृत व्याकरण रचण्याचे काम हे त्यांच्या कार्यास योग्य उत्तर ठरेल. गोन्सालोजवळ जे संभाषण होते त्यास व्याकरणाची जोड मिळण्याची संधी त्या काळाने दिली नाही. ती देण्याचे सामर्थ्य आजच्या विद्यापीठांपाशी आहे.